रिकाम्या सीपीयूचं पुण्य कुणाच्या खात्यात?

एप्रिल २०२० मधली गोष्ट. लॉकडाऊन लागायच्या आधी मी पुण्यातल्या खोलीला कुलूप लावून सांगलीला घरी पोचलो होतो. नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झालेले. डायनिंग टेबलच्या एका कोपऱ्यात माझं ऑफिस, दुसऱ्या कोपऱ्यात आईचं भाजी निवडणं. एका रात्री जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "अरे, हा तुझा लॅपटॉप विमानासारखा का ओरडतोय? मीटिंग संपली ना मघाशीच?"

मीटिंग संपली होती. लॅपटॉप ओरडत होता कारण मी त्यावर फोल्डिंग ॲट होम टाकलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शरीरातली (आणि विषाणूंमधली) प्रथिनं एका जागी दगडासारखी बसलेली नसतात. ती वळतात, उघडतात, मिटतात. औषध कुठे चिकटेल हे कळायला या हालचाली कळाव्या लागतात, आणि त्या कॉम्प्युटरवर हुबेहूब उभ्या करायला अफाट गणित लागतं. मग उपाय काय, तर त्या गणिताचे छोटे छोटे तुकडे करायचे आणि जगभरातल्या लोकांच्या मशिनींना वाटायचे. सर्व्हर तुकडा पाठवतो, तुमचं मशीन तो सोडवतं, उत्तर परत जातं. प्रकल्प २००० साली स्टॅनफर्डमध्ये विजय पांडे यांच्या गटाने सुरू केला. कोविड आल्यावर त्यांनी कोरोनाच्या स्पाइक प्रथिनावर काम घेतलं आणि जगभरातले लोक अक्षरशः तुटून पडले. त्याच गर्दीत मीही. घरात बसून बातम्या बघण्यापेक्षा काहीतरी करतोय असं वाटायचं. मशीन ऑफिसचं होतं, एवढाच काय तो तपशील मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

तिसऱ्या दिवशी इन्फोसेकची मेल आली. विषय: अनधिकृत सॉफ्टवेअर. सीसीमध्ये मॅनेजर आणि एचआर. प्रोबेशन संपायला दोन महिने बाकी. मी घामाघूम!

मॅनेजर चांगला होता. फोन करून म्हणाला, "लेका, उद्देश चांगला आहे रे, पण क्लायंटच्या व्हीपीएनला जोडलेल्या मशिनीवर बाहेरच्या सर्व्हरवरून काम ओढणारा प्रोग्रॅम? ऑडिटमध्ये मी काय सांगू?" मी सॉफ्टवेअर काढलं, माफीची मेल लिहिली, प्रकरण मिटलं.

गंमत पुढेच आहे. त्याच महिन्यात आमच्या इंटरनल न्यूजलेटरमध्ये 'कोविडविरुद्ध तंत्रज्ञान' असा मोठा लेख आला. त्यात वितरित संगणनाचं कौतुक होतं, आणि 'आमचे कर्मचारी आपापल्या घरच्या कॉम्प्युटरवरून यात सहभागी होत आहेत' असं एक वाक्य, शेजारी कंपनीचा लोगो. घरचा कॉम्प्युटर, घरची वीज, घरचं इंटरनेट. कंपनीचा फक्त लोगो.

तेव्हा खूप राग आला होता. आता वाटतं, इन्फोसेकचं शंभर टक्के बरोबर होतं आणि न्यूजलेटरचं शंभर टक्के चूक. आजचा लेख त्या न्यूजलेटरवाल्या वाक्याबद्दल आहे.

कंपन्या आणि स्वयंसेवी संगणन हे नातं तसं जुनं आहे. १७ मे १९९९ ला बर्कलीचं सेटी ॲट होम सुरू झालं, परग्रहावरच्या सिग्नलच्या शोधात, तेव्हा सन मायक्रोसिस्टिम्सने त्यांना सर्व्हर दिले होते. २००१ मध्ये इंटेलने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि युनायटेड डिव्हाइसेस यांच्याबरोबर कॅन्सरच्या औषधांसाठी स्क्रीनसेव्हर काढला. २००२ मध्ये गुगलने आपल्या टूलबारमधून फोल्डिंग ॲट होमला हात दिला. सोनीने २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ वर फोल्डिंगचा प्रोग्रॅम आणला. आणि १६ नोव्हेंबर २००४ ला आयबीएमने वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड सुरू केलं.

यातल्या दोन गोष्टींची तुलना मला फार बोलकी वाटते.

पहिली सोनीची. मार्च २००७ ते नोव्हेंबर २०१२. दीड कोटीच्या वर प्लेस्टेशन वापरणाऱ्यांनी भाग घेतला. सप्टेंबर २००७ मध्ये फोल्डिंग ॲट होमने पेटाफ्लॉपची पायरी ओलांडली, गिनीज बुकात नाव गेलं, आणि त्यात या गेमिंगवाल्यांचा मोठा वाटा होता. मस्तच काम. सोनीच्या इंजिनिअर्सनी तो प्रोग्रॅम मनापासून लिहिला होता यात मला शंका नाही. पण २०१२ मध्ये कंपनीने ठरवलं की बास, आणि एका सॉफ्टवेअर अपडेटबरोबर ते बंद झालं. लोकांची मशिनी तीच होती, वीज त्यांचीच होती, इच्छाही शाबूत होती. तरी काही करता येईना, कारण त्या डब्यात काय चालवायचं हे ठरवणारी किल्ली कंपनीच्या हातात होती.

दुसरी आयबीएमची. इथे आयबीएमने लोकांच्या मशिनींपेक्षा वेगळ्याच गोष्टीवर पैसे घातले. सर्व्हर, ते सांभाळणारी माणसं, शास्त्रज्ञांचा प्रोग्रॅम घेऊन तो हजार प्रकारच्या घरगुती मशिनींवर चालेल असा करणं, रात्री अडीचला डिस्क भरली की उठणं... हा सगळा बिनग्लॅमरचा खर्च. शास्त्रज्ञांना सेवा फुकट, अट एकच: काम ना-नफा असावं आणि निष्कर्ष सगळ्यांसाठी खुले ठेवावेत. त्यातून काय निघालं? हार्वर्डच्या क्लीन एनर्जी प्रकल्पाने २०१३ मध्ये सौरऊर्जेसाठी उपयोगी पडू शकतील अशा सुमारे तेवीस लाख रेणूंची माहिती खुली केली. मुलांमध्ये होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या कॅन्सरसाठी जपानी गटाने २०१४ मध्ये औषधाचे काही संभाव्य उमेदवार जाहीर केले. लगेच औषध आलं असं नाही, विज्ञान असं चालत नाही. पण पुढच्या माणसाला कुठून सुरुवात करायची ते कळलं.

आणि महत्त्वाचं म्हणजे निरोप. २०२१ मध्ये आयबीएमने जाहीर केलं की आम्ही हे आता टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे सोपवतोय. तिथल्या इगोर युरिसिका यांचा कॅन्सरवरचा प्रकल्प आधीपासूनच या ग्रिडवर चालत होता, म्हणजे घर ओळखीचं. २०२२ मध्ये हे स्थलांतर झालं तेव्हा ठरल्यापेक्षा जास्त काळ काम ठप्प राहिलं आणि स्वयंसेवक वैतागले. तरीसुद्धा दुकान बंद झालं नाही, हातबदल झाला. तो होऊ शकला याचं एक कारण म्हणजे ग्रिड बॉइंक या बर्कलीत जन्मलेल्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालत होतं. लोकांच्या मशिनीवरचा प्रोग्रॅम आयबीएमच्या मालकीचा नव्हता.

मला म्हणायचंय ते एवढंच. स्वयंसेवी संगणनात कॉम्प्युटर ही सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळणारी गोष्ट आहे. लोक ती हसत हसत देतात. ज्याची कायम चणचण असते ते म्हणजे सर्व्हर आणि ते सांभाळणारी पगारी माणसं. कंपनीने मदत करायची असेल तर ती तिथे करावी. कर्मचाऱ्यांना 'घरून भाग घ्या' म्हणणं ही मदत नाही, ती जाहिरात आहे.

पटत नाही? मग २०२० चाच अनुभव बघा. कोविडच्या आधी फोल्डिंग ॲट होमवर साधारण ३० हजार मशिनी होत्या. काही आठवड्यांत कित्येक लाख नवीन आल्या. मार्च संपता संपता एकूण ताकद एक एक्झाफ्लॉपच्या पुढे गेली, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतकी गणितं. आणि त्याच वेळी माझ्या लॅपटॉपच्या लॉगमध्ये काय येत होतं? 'काम उपलब्ध नाही.' तासन् तास! पंगतीला लाखभर वाढपी आणि आत चुलीपाशी दोघंतिघं, अशी अवस्था. कामाचे तुकडे बनवून वाटणारे सर्व्हर कमी पडत होते. ही अडचण सुटली ती मोठ्या क्लाउड कंपन्यांनी सर्व्हर आणि डेटा ठेवायला जागा दिली तेव्हा. त्या धावपळीत झालेलं काम २०२१ मध्ये नेचर केमिस्ट्रीत छापून आलं. कोविड मूनशॉट नावाच्या, पेटंट न घेता औषध शोधणाऱ्या गटानेही यातली गणनाशक्ती वापरली आणि त्यांचा शोधनिबंध २०२३ मध्ये सायन्समध्ये आला. त्या वेळच्या गर्दीत आणखी एक मॉनिटर आणण्यापेक्षा एक सर्व्हर देणं जास्त मोलाचं होतं.

सेटी ॲट होमचा शेवटही हेच सांगतो. ३१ मार्च २०२० ला त्यांनी नवीन काम वाटणं थांबवलं. मशिनी कमी पडल्या म्हणून नव्हे. त्यांनी दोन कारणं दिली: हवा तेवढा डेटा तपासून झालाय, आणि हे सगळं वाटप सांभाळायला फार मेहनत लागते, ती आता निष्कर्ष लिहायला हवी. देणारे लाखो, सांभाळणारे बोटांवर मोजण्याइतके.

आता विजेचं बघू, कारण 'रिकामा सीपीयू' हा शब्दच आता थोडा फसवा झालाय. १९९९ मध्ये मशीन चालू ठेवलं की ते रिकामं असो वा कामात, विजेत फार फरक पडत नसे. त्यामुळे उरलेली ताकद खरंच फुकट होती. आजचे प्रोसेसर रिकामे असले की झोपतात. त्यांना उठवलं की बिल येतं. मी माझ्या घरच्या डेस्कटॉपला मीटर लावून पाहिलं. नुसता चालू असताना ५५ वॅट, ग्राफिक्स कार्डासकट फोल्डिंग करताना २४० च्या आसपास. फरक १८५ वॅट. चोवीस तास, तीस दिवस चालवलं तर सुमारे १३३ युनिट. हिशोबाला सोपं म्हणून दहा रुपये युनिट धरा, १,३३० रुपये झाले. शिवाय पुण्याच्या मे महिन्यात खोलीची भट्टी होते ती वेगळीच. कॅनडातल्या माणसाला निदान हीटरचं काम तरी होतं!

एका माणसाने स्वखुशीने महिन्याला तेराशे रुपये दिले तर ती देणगी आहे, उत्तमच आहे. मी स्वतः थंडीत चालवतो. पण हजार कर्मचाऱ्यांनी दिले तर ते महिन्याला तेरा लाख होतात. ते त्यांच्या खिशातून जातात आणि अहवालात कंपनीच्या नावावर चढतात. हे काही बरोबर नाही.

बरं, ऑफिसच्याच मशिनी वापराव्यात का? वापराव्यात, पण लेखी परवानगी घेऊन. माझं फक्त मेलवर निभावलं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका सरकारी टेक्निकल कॉलेजच्या सिस्टिम ॲडमिनने १९९९ मध्ये कॉलेजच्या कॉम्प्युटरवर डिस्ट्रिब्युटेड डॉट नेटचा प्रोग्रॅम टाकला होता. २००१ मध्ये त्याच्यावर चक्क फौजदारी खटला भरला गेला, आणि नुकसानीचा आकडा लावला होता चार लाख डॉलरच्या वर. २००२ च्या जानेवारीत तडजोड झाली: प्रोबेशन, दंड आणि ८० तास समाजसेवा. म्हणजे समाजसेवा केल्याबद्दल समाजसेवेची शिक्षा! हसू येतं, पण त्या माणसाची दोन-तीन वर्षं त्यात गेली. तेव्हा मंडळी, 'कुणाला कळतंय' म्हणून ऑफिसच्या मशिनीवर काही टाकू नका. अनुभवाचे बोल आहेत.

मागच्या वर्षी मी शहाणपणाने, रीतसर जायचं ठरवलं. आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये बरेच सर्व्हर शनिवार-रविवार नुसते बसून असतात. क्लायंटच्या नेटवर्कपासून ते वेगळे आहेत. प्रस्ताव लिहिला, इन्फोसेकची सही मिळवली (हो, मिळाली!), आणि सीएसआर बघणाऱ्या मॅडमकडे गेलो.

त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात खर्च किती दाखवायचा?"

म्हटलं, "मॅडम, खर्च नाहीच. मशिनी आहेतच आपल्याकडे."

"मग सीएसआरमध्ये कसं बसेल?"

मला आधी वाटलं टाळतायत. पण नाही, मुद्दा खरा निघाला. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करायची असते. 'खर्च'. मंत्रालयाने २०२१ मध्ये स्पष्टच केलंय की वस्तुरूपाने केलेल्या मदतीची किंमत लावून ती या दोन टक्क्यांत धरता येत नाही. म्हणजे आमच्या सर्व्हरचे तास कितीही मौल्यवान असले तरी त्या हिशोबात शून्य. शिवाय, मॅडमच हसत म्हणाल्या, "झाडं लावली की फोटो तरी येतो. सर्व्हरचा काय फोटो काढणार?"

दोन दिवस हिरमुसलो होतो. मग डोक्यात प्रकाश पडला की अरे, हा कायदा तर माझ्याच बाजूचा आहे! मशिनी मोजू नका, पैसे मोजा म्हणतोय. आणि कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक निधीवर चालणारी विद्यापीठं, आयआयटी, राष्ट्रीय प्रयोगशाळा यांच्या विज्ञान-संशोधनाला दिलेले पैसे बसतात. म्हणजे एखाद्या विद्यापीठातल्या गटाला असा प्रकल्प चालवायचा असेल तर त्यांचा सर्व्हर आणि तो सांभाळणाऱ्या एका इंजिनिअरचा तीन वर्षांचा पगार, हे मागता येतं. आमचे शनिवार-रविवारचे सर्व्हर त्यावर बोनस. तसाही खरा खर्च तोच होता, मीच चुकीची वस्तू मागत होतो.

इथे आमच्या टीममधला एक मित्र कायम एक आक्षेप घेतो. म्हणतो, "आता एआयच्या जमान्यात हे कशाला? अल्फाफोल्डने प्रथिनांचा प्रश्न सोडवला की." आक्षेप वजनदार आहे. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याच कामाला मिळालं, डेमिस हस्साबिस आणि जॉन जंपर यांना. २०२२ मध्ये त्यांनी वीस कोटींहून जास्त प्रथिनांच्या रचनांचे अंदाज जगासाठी खुले केले. एका कंपनीने विज्ञानाला दिलेली ही जबरदस्त भेट आहे, मान्यच.

पण दोन गोष्टी. एक, अल्फाफोल्ड प्रामुख्याने रचनेचा फोटो देतो, फोल्डिंग ॲट होम हालचालीचा पिक्चर काढायला बघतं. दोन्ही लागतात. दोन, अल्फाफोल्ड शिकला कशावर? प्रोटीन डेटा बँकेवर, जी १९७१ पासून जगभरच्या शास्त्रज्ञांनी सार्वजनिक पैशातून भरत आणली. आणि त्याच नोबेलचे तिसरे मानकरी डेव्हिड बेकर. त्यांच्याच प्रयोगशाळेने २००५ मध्ये रोझेटा ॲट होम सुरू केलं होतं, लोकांच्या घरच्या मशिनींवर. मोठ्या कंपन्यांच्या झेपेखाली लोकांनी घातलेली जमीन असते. ती जमीन सांभाळायला कुणीतरी पगारी माणूस हवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

तेव्हा तुमच्या कंपनीची 'चला, विज्ञानाला मदत करूया' अशी मेल आली, तर उत्साहाने हो म्हणा, पण चार प्रश्न विचारा. वीज कुणाची? सर्व्हर सांभाळणाऱ्याचा पगार कोण देतंय? निष्कर्ष सगळ्यांना खुले असणार का? आणि कंपनीचा मूड बदलला तर हे पुढे कोण चालवणार, ते आत्ताच लिहून ठेवलंय का? चारही उत्तरं नीट मिळाली तर लोगो खुशाल छापू दे, पोस्टरएवढा छापू दे. कमावलेला लोगो असेल तो.

माझा दुसरा प्रस्ताव, पगारवाला, गेल्या महिन्यात मॅडमकडे दिलाय. "या वेळी आकडा आहे, निदान मीटिंगमध्ये ठेवता येईल," म्हणाल्या. बघू काय होतंय.

तोवर दिवाळीनंतर घरचा डेस्कटॉप पुन्हा चालू करीन म्हणतो. आईला सांगून ठेवलंय की विमान उडणार आहे. "बिल तू भरणार असशील तर उडव," म्हणाली.

आमच्या घरात तरी, चारपैकी पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं आहे.